कड्याच्या आत काय आहे? मेंदूतला संसर्ग आणि ट्यूमर एमआरआयवर वेगळे ओळखताना

कंट्रास्ट (शिरेतून दिलेलं, चित्र उजळवणारं औषध) दिल्यानंतरचं टी-वन चित्र (एमआरआयच्या मूळ प्रकारांपैकी एक) पडद्यावर येतं. मेंदूच्या पांढऱ्या भागात तीनेक सेंटिमीटरचं गोल कडं चमकतंय, मधे काळं, भोवती सुजेचा मोठा पसारा. रिपोर्ट लिहिणारा इथे अडतो, आणि त्याने अडायलाच हवं. हे गळू असेल तर शल्यविशारद सुई घालून पू काढेल, जंतू कोणता ते बघेल आणि पुढे सहा ते आठ आठवडे शिरेतून प्रतिजैविकं चालतील. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतला आक्रमक कर्करोग, असेल तर कवटी उघडून गाठ जमेल तितकी काढायची, मग बहुधा ३० बैठकांत ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध. एकाच चित्रातून फुटणाऱ्या या दोन वाटा पुढे कुठेच मिळत नाहीत.

‘ताप आहे का ते विचारा, उलगडा होईल’ असं नवख्यांना वाटतं. तसं होत नाही. मेंदूत गळू असलेल्या कितीतरी रुग्णांना ताप नसतोच. डोकेदुखी, ताप आणि हातापायातली कमजोरी ही पुस्तकी तिकडी एकत्र थोड्याच जणांत सापडते. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही नॉर्मल असू शकतात. निवाड्याचं बरंचसं ओझं त्यामुळे चित्रावर येतं.

हा लेख रेडिओलॉजीचे रेसिडेंट, एमआरआय तंत्रज्ञ आणि न्यूरोच्या वॉर्डात स्कॅन उघडून बघणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. घरच्या माणसाचा रिपोर्ट हातात घेऊन वाचणाऱ्यालाही शब्दांचे अर्थ लागतील. निदान मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच ठेवावं.

माझी पद्धत साधी आहे. कड्याचे तीन भाग करायचे: आतली पोकळी, भिंत आणि भिंतीबाहेरचा मेंदू. प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर देणारा सीक्वेन्स (एमआरआयचं चित्र घेण्याची पद्धत) कोणता हे डोक्यात पक्कं ठेवायचं. पोकळीसाठी डिफ्यूजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारं) आणि स्पेक्ट्रोस्कोपी (आतली रसायनं दाखवणारी), भिंतीसाठी एसडब्ल्यूआय (रक्ताच्या खुणा काळ्या दाखवणारं) आणि पर्फ्युजन (रक्तपुरवठा मोजणारं), बाहेरच्या भागासाठी पुन्हा पर्फ्युजन. एका सीक्वेन्सचं उत्तर दुसऱ्या भागावर लादलं की घोळ सुरू होतो.

रुग्ण टेबलावर जाण्याआधी

पहिली पायरी मशीनच्या बाहेरची आहे. पाच मिनिटं रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोला. कान वाहतो का? सायनसचा त्रास, दाताचं काही काम अलीकडे झालंय का? जन्मजात हृदयविकार, विशेषतः अंग निळं पडणारा? एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण, चालू केमोथेरपी? शरीरात दुसरीकडे कर्करोग कधी निघाला होता का? डोक्याची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झालेत का?

यानंतरचा प्रश्न बहुतेक जण विसरतात: प्रतिजैविकं आणि स्टेरॉइड कधीपासून चालू आहेत? प्रतिजैविकांनी गळवाचं डिफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी दोन्ही बदलतात. स्टेरॉइडने कडं फिकं पडतं. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) तर स्टेरॉइडच्या काही दिवसांत चित्रावरून जवळपास पुसला जाऊ शकतो आणि मग बायोप्सीतही काही हाती लागत नाही. औषधांच्या तारखा रिक्वेस्ट फॉर्मवर नसतील तर वॉर्डात फोन लावा.

तंत्रज्ञासाठी दोन गोष्टी. पर्फ्युजन करायचं तर कॅन्युला १८ किंवा २० गेजची हवी, कोपराच्या खोलगटीत, जमल्यास उजव्या हाताला. औषध सेकंदाला ४ ते ५ मिलिलिटर वेगाने जायला हवं. मनगटाच्या मागच्या बारीक शिरेत २४ गेजची सुई असेल आणि तीच वापरायचा आग्रह असेल, तर डीएससी पर्फ्युजनचा (कंट्रास्ट मेंदूतून जाताना मोजण्याच्या पद्धतीचा) आलेख पसरट निघतो. त्यापेक्षा कंट्रास्ट न लागणारं एएसएल पर्फ्युजन घेतलेलं बरं. दुसरी गोष्ट किडनीची. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) ३०च्या खाली असेल तर गॅडोलिनियम (एमआरआयचं कंट्रास्ट) द्यायचंच का यावर आधी डॉक्टरांशी बोलणं व्हावं, आणि द्यायचं ठरलं तर मॅक्रोसायक्लिक प्रकारचं (ज्यात गॅडोलिनियम रेणूत घट्ट बांधलेलं असतं) द्यावं.

सीक्वेन्सचा क्रम असा ठेवा: डिफ्यूजन सगळ्यात आधी, कारण रुग्ण मधेच अस्वस्थ झाला तर किमान तेवढं तरी हातात असतं. मग टी-टू, फ्लेअर (मोकळ्या पाण्याचा उजेड दाबून सूज दाखवणारं चित्र), एसडब्ल्यूआय आणि कंट्रास्टशिवायचा टी-वन. क्षयाची शंका असेल तर मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर (ऊतींचा मागचा सिग्नल दाबणारं तंत्र) लावलेला टी-वनही इथेच, कंट्रास्टच्या आधी. स्पेक्ट्रोस्कोपीही शक्यतो आधीच. त्यानंतर कंट्रास्टसोबत पर्फ्युजन आणि शेवटी थ्री-डी टी-वन.

साधी चित्रं घाईत ओलांडू नका

प्रगत तंत्रं हाताशी आली की टी-टूकडे कुणी नीट बघत नाही. तिथेही खुणा असतात. गळवाची भिंत पातळ, गुळगुळीत आणि एकसारखी असते. टी-टूवर ती बहुधा काळी दिसते. व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) बाजूला ती अधिक पातळ असते, कारण पांढऱ्या भागाला रक्तपुरवठा कमी आणि तिथे कवच उशिरा धरतं. गळू व्हेंट्रिकलमध्ये फुटतं ते याच बाजूने. ग्लायोब्लास्टोमाची भिंत जाड, ओबडधोबड आणि आत गाठी आलेली असते. कडं पूर्ण नसेल आणि उघडी बाजू मेंदूच्या करड्या पृष्ठभागाकडे असेल, तर संसर्ग आणि ट्यूमर दोन्ही बाजूला ठेवून डिमायलिनेशनचा (चेतातंतूंचं आवरण झिजण्याचा) विचार करा. कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा पूल) ओलांडून दोन्हीकडे पसरलेलं काही दिसलं, तर ग्लायोब्लास्टोमा किंवा लिम्फोमाचं पारडं जड होतं. करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथे अनेक लहान कडी असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही. रक्तातून आलेले जंतू आणि रक्तातून आलेल्या कर्करोगाच्या पेशी दोघेही तिथेच अडकतात.

आणखी एक लक्षात ठेवा: संसर्ग अगदी ताजा असेल तर कडं नसतंच. पहिल्या काही दिवसांत फक्त विस्कळीत सूज आणि ठिपक्यांसारखा कंट्रास्ट दिसतो. नीट कवच धरायला साधारण दोन आठवडे लागतात. ‘कडं नाही म्हणजे गळू नाही’ हा तर्क पहिल्या आठवड्यात चालत नाही.

पोकळी: इथे डिफ्यूजनचा शब्द चालतो

सगळ्या तपासण्यांतून एकच निवडा म्हटलं तर मी डोळे मिटून डिफ्यूजन निवडेन. त्यामागचं कारण अगदी भौतिक आहे. पू घट्ट असतो: पांढऱ्या पेशी, मेलेले-जिवंत जंतू, प्रथिनं, सगळं दाटीवाटीने. त्यात पाण्याचे रेणू मोकळे फिरू शकत नाहीत. ट्यूमरच्या मधला मेलेला भाग उलट विरघळून पातळ झालेला असतो, आणि तिथे पाणी बऱ्यापैकी मोकळं असतं. डिफ्यूजन हीच मोकळीक मोजतं. म्हणून पू बी १०००च्या चित्रात (डिफ्यूजनचं मुख्य चित्र) लख्ख पांढरा आणि एडीसी मॅपवर (ही मोकळीक आकड्यांत दाखवणारा नकाशा) काळा दिसतो, तर ट्यूमरची पोकळी एडीसी मॅपवर उजळ दिसते.

आकड्यांत सांगायचं तर नॉर्मल मेंदूचा एडीसी साधारण ७०० ते ८०० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद असतो आणि मेंदूभोवतालच्या पाण्याचा ३०००च्या आसपास. जिवाणूंच्या गळवातला पू बहुधा ५०० ते ८००च्या पट्ट्यात येतो. ट्यूमरच्या पोकळीत बहुतेकदा १५०० आणि त्याहून जास्त मिळतं. काही वर्कस्टेशनवर हेच आकडे ०.६५ किंवा १.८ असे हजाराने भागून दिसतात, त्यामुळे एकक बघितल्याशिवाय तुलना करू नका.

मोजायचं कसं? आधी कंट्रास्टचं चित्र आणि एडीसी मॅप शेजारी-शेजारी लावा आणि एकाच पातळीवर आणा. पोकळीच्या आत लहान वर्तुळ ठेवा, २० ते ३० चौरस मिलिमीटरचं पुरे. भिंतीपासून दोन-तीन पिक्सेल दूर राहा. भिंत आत आली की सरासरी बिघडते, आणि ती नेमकी कोणत्या दिशेला बिघडते ते निकाल बघून कळत नाही. मग वर्तुळ सरकवत तीन-चार ठिकाणी मोजा. गळवात आकडे बहुधा एकमेकांच्या जवळ राहतात. एका कोपऱ्यात ६०० आणि दुसऱ्यात १९०० आले, तर मिश्र काहीतरी आहे, बहुधा रक्त. शेवटी दुसऱ्या बाजूच्या निरोगी पांढऱ्या भागातला आकडाही लिहून ठेवा.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग आठवतो. रात्रीची ड्यूटी, बी १०००च्या चित्रात पांढराशुभ्र गोळा, मी मोठ्या खात्रीने ‘गळू’ लिहून मोकळा झालो. रिपोर्ट जाण्याआधी वरिष्ठांनी एवढंच विचारलं, ‘एडीसी उघडलास का?’ उघडला नव्हता. उघडला तर तिथेही पांढराच. टी-टूचा उजेड डिफ्यूजनमध्ये झिरपला होता, ज्याला टी-टू शाइन-थ्रू म्हणतात. पुढे तो सडलेला ट्यूमर निघाला. तेव्हापासून एडीसी मॅप शेजारी उघडला नसेल तर बी १०००कडे मी बघतसुद्धा नाही.

नक्षी उलटी आहे का, तेही तपासा. गळवात पोकळी काळी आणि भिंत तितकी नाही. पेशींनी गच्च ट्यूमरमध्ये भिंत काळी आणि पोकळी उजळ. ‘डिफ्यूजन रिस्ट्रिक्टेड आहे’ (म्हणजे पाणी अडलेलं आहे) असं नुसतं लिहिलेला रिपोर्ट म्हणूनच अर्धवट असतो. रिस्ट्रिक्शन कुठे आहे, ते लिहा.

डिफ्यूजन कधी खोटं बोलतं

रक्त हा पहिला गुन्हेगार. ट्यूमरमध्ये रक्तस्राव झाला की पोकळीचा एडीसी घसरतो आणि पुवासारखा दिसतो. एसडब्ल्यूआयवर आत काळोख आहे का आणि कंट्रास्टशिवायच्या टी-वनवर पांढरेपणा आहे का, हे दोन्ही बघितल्याशिवाय कमी एडीसीवर विश्वास ठेवू नका.

दुसरा, काही मेटास्टॅसिस, म्हणजे दुसऱ्या अवयवातून मेंदूत पसरलेले कर्करोग. चिकट स्राव करणाऱ्या अॅडेनोकार्सिनोमाच्या (ग्रंथींच्या कर्करोगाच्या) पोकळीत पाणी पुवाइतकंच अडलेलं असू शकतं. त्यामुळे छातीपोटाचा सीटी झालेला नसेल तर मागवावा लागतो.

तिसरा, उपचार सुरू झालेलं गळू. पू पातळ होतो, एडीसी चढतो आणि चित्र ट्यूमरकडे झुकतं. इथेच औषधांच्या तारखा कामाला येतात.

चौथा, जिवाणूंशिवायचे संसर्ग. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या पोकळीत बहुधा रिस्ट्रिक्शन नसतं. क्षयाच्या गाठीत ते कधी असतं, कधी नसतं. बुरशीचा तर वेगळाच तोरा, त्याबद्दल पुढे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पोकळीत रक्त, हवा आणि रक्त थांबवायला ठेवलेले पदार्थ असतात, तिथे डिफ्यूजनची खात्री खूपच उतरते. बेव्हॅसिझुमॅब (ट्यूमरच्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) घेतलेल्या ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा ज्या गटात येतो त्या ट्यूमरच्या) रुग्णांतही महिनोन्महिने टिकणारा कमी एडीसीचा भाग दिसू शकतो. तो पू नव्हे.

एक काम मात्र डिफ्यूजन फार चोख करतं. बी १०००च्या चित्रात दोन्ही व्हेंट्रिकलच्या मागच्या शिंगांकडे बघा. झोपलेल्या रुग्णात तिथे सपाट पृष्ठभागाचा पांढरा गाळ साचलेला दिसला आणि एडीसीवर तो काळा निघाला, तर पू आत उतरलेला असण्याची दाट शक्यता असते. एसडब्ल्यूआय बघून ते रक्त नाही एवढी खात्री करा आणि रिपोर्ट टाइप करण्याआधी फोन उचला. अशा रुग्णात मेंदूवर दाब असताना कुणी कमरेतून पाणी काढायच्या तयारीत असेल, तर चित्रात मध्यरेषा किती सरकली आहे ते त्याच फोनवर सांगा.

भिंत: एसडब्ल्यूआयवरची दोन वळी

डिफ्यूजनने संशय शिल्लक ठेवला की मी भिंतीकडे वळतो. जिवाणूंच्या गळवाची भिंत एसडब्ल्यूआयवर मोठं करून बघा. पुष्कळदा दोन एककेंद्री वळी दिसतात: बाहेरचं काळं, त्याला आतून चिकटलेलं उजळ. उजळ म्हणजे पोकळीच्या तुलनेत उजळ. बाहेरचं वळं तंतुमय कवचाचं, आतलं दाणेदार ऊतींचं. याला ड्युअल रिम साइन म्हणतात. ग्लायोब्लास्टोमातही काळ्या रेघा असतात, पण त्या रक्ताच्या असल्यामुळे तुटक, जाडजूड आणि वाटेल तिथे. पूर्ण, गुळगुळीत जोड-वळं ग्लायोब्लास्टोमात सहसा मिळत नाही.

३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनवर ही खूण अधिक ठसठशीत दिसते. १.५ टेस्लावर किंवा जाड स्लाइस घेतली तर दोन वळी एकात मिसळतात, तेव्हा ती दिसली नाही म्हणून गळू नाकारू नका.

भिंत: पर्फ्युजन

ट्यूमर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या बनवतो, गळवाचं कवच मुख्यतः कोलॅजेनचं असतं. पर्फ्युजन हाच फरक पकडतं. डीएससीमध्ये गॅडोलिनियम मेंदूतून जाताना सिग्नल किती पडतो ते मोजून रक्ताचं सापेक्ष आकारमान, म्हणजे आरसीबीव्ही, काढतात.

वर्तुळ भिंतीच्या कंट्रास्ट घेणाऱ्या, सगळ्यात तापलेल्या रंगाच्या भागावर ठेवा, पण जवळच्या मोठ्या शिरा-धमन्या टाळा. त्याच आकाराचं वर्तुळ दुसऱ्या बाजूच्या निरोगी पांढऱ्या भागात ठेवा आणि भागाकार करा. गळवाच्या भिंतीत उत्तर बहुधा १च्या आसपास किंवा त्याखाली येतं, ग्लायोब्लास्टोमात बहुधा २च्या वर. मधल्या पट्ट्यात आलं तर ते उत्तर नव्हेच. रंगीत मॅपवर लाल दिसलं म्हणून जास्त, निळं दिसलं म्हणून कमी असं ठरवू नका. रंगाची पट्टी कुणीतरी हाताने सरकवलेली असू शकते.

गळतीची दुरुस्ती चालू आहे का तेही बघा. भिंतीतून औषध बाहेर झिरपलं की आरसीबीव्ही खोटा कमी येतो आणि ट्यूमर गळू म्हणून खपतो. त्यासाठी थोडा कंट्रास्ट आधी देतात, ज्याला प्रीलोड म्हणतात, किंवा सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करतात. लिम्फोमाची गंमत अशी की त्याचा आरसीबीव्ही फारसा चढत नाही, पण सिग्नलचा आलेख पडून वर येताना मूळ पातळीच्याही वर जातो. प्रीलोड दिला असेल तर ही खूण झाकली जाते. म्हणून आकड्याच्या जोडीला आलेखही उघडून बघायची सवय ठेवा.

भिंतीबाहेर, फ्लेअरवर पांढऱ्या दिसणाऱ्या सुजेतही एक वर्तुळ ठेवून बघा. ग्लायोमाच्या पेशी भिंत ओलांडून त्या ‘सुजे’त शिरलेल्या असतात, त्यामुळे तिथेही रक्त वाढलेलं सापडू शकतं. गळू किंवा मेटास्टॅसिसभोवती नुसतं पाणी असतं आणि आकडा खालीच राहतो.

स्पेक्ट्रोस्कोपी: चौकोन कुठे ठेवला यावर सगळं

स्पेक्ट्रोस्कोपी फुकट जाते ती बहुतेकदा एकाच कारणाने: चौकोन (ज्या भागातली रसायनं मोजायची त्याची चौकट) कंट्रास्ट घेणाऱ्या भिंतीवर ठेवला जातो. ट्यूमरचा दर्जा ठरवताना ते बरोबर. संसर्गाचा प्रश्न असेल तर चौकोन पोकळीत हवा. पोकळी फार लहान असेल तर भिंत आत येणारच, मग हा प्रयोग सोडून द्या. हाड, सायनस किंवा रक्त जवळ असेल तरीही आलेख खडबडीतच निघतो.

पुवात पांढऱ्या पेशींची विकरं प्रथिनं तोडतात आणि व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन ही अमिनो आम्लं साचतात. त्यांचं शिखर ०.९ पीपीएमला (पीपीएम हे आलेखाच्या आडव्या पट्टीचं एकक) येतं. ट्यूमरच्या पोकळीत ते मिळत नाही, म्हणून हा पुरावा वजनदार. अडचण ही की लिपिडचं शिखरही ०.९ आणि १.३च्या आसपासच असतं. दोन्ही वेगळी करायला टीई (सिग्नल टिपण्याआधी थांबायचा वेळ) १४४ मिलिसेकंदांवर घ्या: अमिनो आम्लं आणि १.३चं लॅक्टेट पालथं पडतं, लिपिड सरळ राहतं. ३ टेस्लावर लॅक्टेटचं पालथं शिखर कधी कधी अगदी बसकं दिसतं. शंका असेल तर टीई २८८वर पुन्हा घ्या, तिथे ते सरळ उभं राहतं.

१.९ला अॅसिटेट आणि २.४ला सक्सिनेट दिसलं तर ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा संशय घ्या. परजीवींच्या पुटकुळ्यांतही सक्सिनेट मिळतं. १.९चं अॅसिटेट आणि २.०चं एनएए (चेतापेशींची खूण असलेलं रसायन) इतके शेजारी की घाईत एकाला दुसरं समजलं जातं. पोकळीत मुळात चेतापेशी नाहीत, तर एनएए कुठून येणार, एवढा विचार केला की चूक टळते. नुसतं लॅक्टेट मिळालं तर त्यावरून काहीच म्हणू नका, ते सगळ्यांत असतं.

आणि वाढलेलं कोलीन (पेशींच्या आवरणाशी जोडलेलं रसायन) म्हणजे ट्यूमर, हे समीकरण विसरा. भिंतीतल्या दाहक पेशी, क्षयाची गाठ, एन्सेफलायटिस (मेंदूचा दाह), सगळ्यांत ते वाढू शकतं.

नियम न पाळणारे

क्षयाची गाठ ही माझ्या मते सगळ्यात मोठी बहुरूपी. मधला भाग घट्ट दह्यासारखा असेल तर टी-टूवर काळा दिसतो, विरघळला असेल तर पांढरा. कोलीन वाढलेलं असू शकतं, पेशींनी भरलेल्या भागाचा आरसीबीव्हीही चढलेला असू शकतो, म्हणजे ट्यूमरची दोन्ही सोंगं तयार. स्पेक्ट्रोस्कोपीत १.३ला लिपिडचं उंच शिखर आणि अमिनो आम्लं गायब, हे तिचं ओळखपत्र. मॅग्नेटायझेशन ट्रान्सफरच्या टी-वनवर कंट्रास्ट न देताच तिची कड उजळ दिसते. कवटीच्या तळाच्या आवरणांत कंट्रास्ट आणि व्हेंट्रिकल फुगलेली, हे सोबत असेल तर संशय पक्का होतो.

क्षयाच्या गाठीची गल्लत सिस्टिसर्कसशी (मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळीशी) होते. तिथे पुटकुळीच्या आत एका कडेला ठिपका शोधा, कृमीचं डोकं. टी-टूचा भर असलेल्या थ्री-डी सीक्वेन्सवर, सीस किंवा फिएस्टावर, ते सुईच्या टोकासारखं दिसतं. जखम २० मिलिमीटरहून लहान आणि कड गुळगुळीत असेल तर सिस्टिसर्कस. त्याहून मोठी, वेडीवाकडी आणि मध्यरेषा सरकवणारी असेल तर क्षय, हा जुना अंदाज आजही कामाला येतो.

बुरशीच्या गळवात भिंतीतून आत घुसलेले कोंब दिसतात: टी-टूवर काळे, कंट्रास्ट न घेणारे, एडीसी कमी. मधला भाग मात्र मोकळा. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात भिंत आणि कोंब रिस्ट्रिक्टेड, मधे नाही, असं दिसलं की अॅस्परजिलससारखी नावं रिपोर्टमध्ये पहिल्या ओळीत यायला हवीत. ३.६ ते ३.८ पीपीएमला ट्रेहॅलोज नावाची साखर मिळाली तर अधिकच बळ.

एचआयव्हीत प्रश्न टॉक्सोप्लाझ्मा की लिम्फोमा असा येतो. टॉक्सोमध्ये आरसीबीव्ही कमी, पोकळीचा एडीसी जास्त आणि कड्याच्या आतल्या भिंतीला लटकलेली छोटी गाठ कधी कधी दिसते. लिम्फोमात घट्ट भागाचा एडीसी कमी, आरसीबीव्ही त्या मानाने जास्त, पसरण व्हेंट्रिकलच्या अस्तराला धरून. पण या रुग्णांतला लिम्फोमाही मधून सडतो आणि आकडे एकमेकांत मिसळतात. तब्येत तग धरून असेल तर टॉक्सोचे उपचार देऊन साधारण दोन आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करणं हाच अनेकदा खरा निवाडा ठरतो, मात्र त्या काळात स्टेरॉइड दिलं असेल तर सुधारणा कुणामुळे झाली ते सांगता येत नाही.

कडंच नसलेला एक गोंधळ म्हणजे हर्पीस एन्सेफलायटिस आणि ग्लायोमा. टेम्पोरल भागाचा आतला हिस्सा, इन्सुला, सिंग्युलेट धरून सूज, दोन्ही बाजूंना पण कमी-जास्त, आणि लेंटिफॉर्म केंद्रापाशी येऊन कापल्यासारखी थांबलेली, तर हर्पीस. ग्लायोमा अशी शिस्त पाळत नाही. इथे स्कॅनच्या उत्तराची वाट बघत असायक्लोव्हिर (हर्पीसवरचं औषध) रोखून धरायचं नसतं. कमरेतून काढलेल्या पाण्यातली पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पहिल्या दोन-तीन दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा चित्र जुळत असेल तर ती पुन्हा करायला सुचवा.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

‘संसर्ग किंवा ट्यूमर, क्लिनिकल कोरिलेशन करावे’ असं लिहिणं म्हणजे चेंडू परत टाकणं. त्याऐवजी तिन्ही भागांची नोंद आकड्यांसह द्या. उदाहरणार्थ: ‘पोकळीचा एडीसी ६२०, निरोगी बाजूला ७६०, आत रक्त नाही, भिंतीवर पूर्ण जोड-वळं, भिंतीचा आरसीबीव्ही ०.८, चार दिवस प्रतिजैविकं चालू. जिवाणूंचं गळू असण्याची शक्यता सर्वाधिक.’ खुणा एकमेकांविरुद्ध जात असतील तर कोणती खूण विरुद्ध जाते तेही नाव घेऊन लिहा. शल्यविशारदाला सुई कुठून घालायची ते ठरवायचं असतं, म्हणून भिंत सगळ्यात पातळ कुठे आहे आणि व्हेंट्रिकलपासून अंतर किती मिलिमीटर, हेही द्या. सुईने काढलेला पू पॅथॉलॉजीसोबत मायक्रोबायोलॉजीलाही गेला पाहिजे आणि त्यात क्षय व बुरशीच्या तपासण्या मागितलेल्या असल्या पाहिजेत, ही आठवण रिपोर्टच्या शेवटी एका ओळीत दिली तर कुणी रागवत नाही. लिम्फोमा यादीत असेल आणि मेंदूवरचा दाब परवानगी देत असेल, तर बायोप्सीपर्यंत स्टेरॉइड थांबवता येईल का, असंही विचारा.

उपचार चालू असताना पुन्हा स्कॅन येतात तेव्हा कडं अजून चमकतंय म्हणून घाबरून औषध बदललं जातं. कंट्रास्ट घेणारं कडं पू गेल्यानंतरही महिनोन्महिने रेंगाळतं. पोकळीचा आकार आणि एडीसी आधीच्या स्कॅनशी ताडून बघा: पोकळी आक्रसत असेल आणि एडीसी चढत असेल तर गाडी रुळावर आहे. चढलेला एडीसी पुन्हा खाली आला आणि बी १०००मध्ये पोकळी परत लख्ख झाली, तर पू पुन्हा साचतोय. तो स्कॅन उद्यावर न टाकता त्याच दिवशी शल्यविशारदाला दाखवा.